फाटकाशी थांबणारा

रस्ता ओलांडून डंकन पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिला आणि बायकोची वाट पाहू लागला. गुरुवारची संध्याकाळ, ब्राइटन स्टेशनच्या खालचा चौक, बसगाड्यांची रांग, समुद्राकडून येणारा खारट वारा. हेझलच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि त्यातल्या एकीचा बंद तुटायच्या बेतात होता. मधेच दिवा बदलला आणि ती रस्त्याच्या मधल्या अरुंद कट्ट्यावर अडकली. पलीकडून डंकननं हात केला. सावकाश ये, मी आहे इथं, अशा अर्थाचा. दिवा पुन्हा बदलला. ती लगबगीनं पलीकडे पोचली, पिशव्या खाली ठेवायला वाकली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि तो चालायला लागला. झालं ते एवढंच. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं त्यात काहीच नाही. पण हेझल तिथंच तोंड उघडं ठेवून उभी राहिली आणि तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगायचं होतं तेच ती विसरून गेली. पुढे गेलेली ती पाठ, तो निळा कोट, ती समाधानी चाल. थांबण्याचं काम चोख पार पाडून निघालेल्या माणसाची चाल. हे आपण कुठंतरी पाहिलंय, असं तिला वाटलं, आणि मग लक्षात आलं की कुठंतरी कसलं, लग्न झाल्यापासून आपण दुसरं काही पाहिलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रात पोहून आल्यावर, गारठलेल्या बोटांनी मोजे चढवता चढवता तिनं हे डेनीसला सांगून पाहिलं. डेनीस तिची पोहण्याची मैत्रीण, दोन नवरे करून सोडलेली. डेनीस म्हणाली, "तुझा थांबतो तरी, बाई. माझा पहिला तर गाडी सुरू करून हॉर्न वाजवायचा." झालं. विषय संपला. चांगल्या माणसावर चिडायची सोयच नसते, ही हेझलची जुनी अडचण. डंकन दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, वाढदिवस विसरत नाही. आणि टेकडीवर सायकली घेऊन गेलं की कुरणांच्या दर फाटकाशी तिच्यासाठी थांबतो. सायकलींच्या क्लबमध्ये बाकीच्या बायका म्हणतात, नशीबवान आहेस. हेझल नशीबवान आहे. चष्म्याच्या दुकानात आठवड्यातले तीन दिवस लोकांच्या चष्म्यांच्या वाकड्या काड्या ती सरळ करते, तिथंही एकदोघांनी तिला हेच सांगितलं होतं.

शनिवारी टेकड्यांवर जायचं ठरलेलंच होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. उत्तर घराचं. टेकडीच्या पायथ्याला विडरिंग म्हणून गाव आहे, तिथलं गारगोटीच्या भिंतींचं छोटं घर डंकनला हवं होतं. दाराबाहेर पाय टाकला की थेट टेकडीवर जाणारी, पांढऱ्या खडूच्या दगडाची वाट. गाडीवर सायकली चढवणं नको, उतरवणं नको. त्यासाठी ब्राइटनचं घर विकायचं. ते चढावरचं चिंचोळं घर, जिन्याच्या खिडकीतून समुद्राची चिंधी दिसणारं, जिथून हेझल सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून पायी पाण्यापर्यंत जाते. हे कधी ठरलं? तर गेल्या खेपेला, टॉल्बरोच्या टेकडीवर, वरच्या फाटकाशी. ती धापा टाकत पोचली होती, छाती फुटते की काय असं वाटत होतं, कानांत रक्त धडधडत होतं, आणि डंकननं फाटक धरून विचारलं होतं, "मग घेऊया ना ते घर?" तिनं हात वर केला होता. थांब जरा, असा. मान हलली होती, ती नुसती श्वासासाठी. डंकन म्हणाला, "वा!" आणि निघाला. घरांच्या दलालाला त्यानं त्याच संध्याकाळी कळवलं की हेझल तर एका पायावर तयार आहे. तो फोनवर हे बोलत होता तेव्हा ती शेजारी उभी राहून बटाटे सोलत होती. एका पायावर! तिचे दोन्ही पाय तेव्हा ठणकत होते. त्याच क्षणी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पंचावन्न वर्षांची बाई, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या नवऱ्याला एक 'नाही' म्हणता येईना. याची चीड तर तिला सगळ्यात जास्त होती. म्हणून तिनं ठरवलं की जिथं न दिलेला होकार घेतला गेला तिथंच तो परत मागायचा. वर पोचायचं आणि सांगायचं. बास.

पहिला चढ मेंढ्यांच्या कुरणातून जातो. रात्री पाऊस पडून गेला होता आणि ओला खडू साबणाच्या वडीसारखा झाला होता. मागचं चाक जरा जोर दिला की फिरकी घ्यायचं. डंकन पुढे होता, लाल जाकिटात, ढुंगण सीटवर घट्ट, मान खाली, एका लयीत. चढ कसा चढायचा हे त्यानं तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि नंतर दरवर्षी आठवण करून दिली होती. ती चढते आहे अजून, शिकलेलं सगळं वापरून, आणि दर खेपेला अंतर तेवढंच राहतं. वर चंडोल ओरडत होते. ते दिसत कधी नाहीत, आभाळालाच तोंड फुटल्यासारखं नुसतं ऐकू येतं. हेझलला त्यांचाही राग आला. एवढा दम यांना मिळतो कुठून? दोघांच्या मधे वाटेवर एक मेंढी येऊन उभी राहिली, बघत राहिली, आणि अगदी शेवटी बाजूला झाली. तेवढ्यानं लय गेली, पाय खाली टेकला, उरलेला तुकडा ढकलत जावं लागलं. समोर डंकन फाटकाशी थांबला होता. त्याचं पाणी पिऊन झालं होतं, चष्मा पुसून झाला होता, केळं खाऊन साल पिशवीत ठेवून झाली होती. देखावा पाहून झाला होता. तिला हे सगळं खालूनच दिसत होतं आणि ती पायांखालच्या गारगोट्या मोजल्यासारख्या बघत वर येत होती. ती पोचली. "आलीस? छान. आता उतारच आहे," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.

थांबणाऱ्याची विश्रांती झालेली असते आणि पोचणाऱ्याची अजून सुरूसुद्धा व्हायची असते. एवढी साधी गोष्ट. क्लबातल्या कुणालाच ती कधी दिसली नाही. सगळे असंच करतात. दांडगे लोक वर जाऊन टेकतात, गप्पा मारतात, आणि शेवटचा माणूस फाटकातून आत आला रे आला की कुणीतरी म्हणतं, "चला, सगळे आले." आणि सगळे निघतात. ज्याला विश्रांती हवी असते त्याला सोडून सगळ्यांना ती मिळते. वर पुन्हा त्यालाच ऐकावं लागतं की आम्ही तुझ्यासाठी थांबलो होतो. आणि तो बिचारा म्हणतो, माफ करा हं. हेझल आजवर किती वेळा माफ करा म्हणाली असेल! धाप लागलेली असताना तेवढे दोन शब्द मात्र तिला नेहमी जमले.

उतारावर वारा डोळ्यांत गेला, डोळ्यांतून पाणी आलं, ब्रेकवरची बोटं आखडली. तिला वाटलं, आपण इथं पहिल्यांदा आलो तेव्हाही असंच पाणी आलं होतं. ती सायकल उसनी होती, लोखंडाचा ठोकळाच, ब्रेक दाबला की डुकरासारखी किंचाळायची. हेझल तेव्हा डंकनच्या प्रेमात इतकी होती की त्याच्या मागून चिखल खात जाण्यातही तिला सुख वाटायचं. वरच्या फाटकाशी, जुन्या लोकांनी आपली माणसं पुरलेला तो मातीचा उंचवटा आहे, त्याच्या पायथ्याला त्यानं विचारलं होतं, "लग्न करशील माझ्याशी?" हेझलनं मान हलवली होती. हलवावीच लागली, कारण शब्द फुटत नव्हता. तिला म्हणायचं होतं काहीतरी. तिनं ते मनात तयार ठेवलं होतं, कितीतरी दिवस, बसमध्ये, अंघोळ करताना, कारण तो विचारणार हे तिला ठाऊक होतं. हो तर म्हणायचंच होतं, पण त्याच्या आधी एक वाक्य होतं आणि नंतर एक. घशापर्यंत ते आलं होतं. डंकननं तिचं चिखलाचं कपाळ चुंबलं, म्हणाला, "चल, पाऊस येतोय," आणि निघाला. पाऊस खरंच आला. ते वाक्य आता तिला आठवतही नाही. नुसतं ते राहिलं, एवढं आठवतं.

दुसऱ्या चढाच्या अर्ध्यावर फाटक आहे. तिथं तपकिरी घोडीवर बसून एक बाई थांबली होती, साठीची, खणखणीत आवाजाची, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. घोडीच्या अंगातून वाफ निघत होती. डंकननं शिस्तीत सायकल बाजूला घेतली, फाटकाची कडी काढली आणि फाटक धरून उभा राहिला. "या, मी धरलंय," तो म्हणाला.

"नको, तुम्ही जा," बाई म्हणाली. "हिला जरा श्वास येऊ दे. चढ संपल्या संपल्या पुढे दामटली तर आठवडाभर माझ्याशी बोलायची नाही ही."

"बरोबर आहे," डंकन मनापासून म्हणाला. "जनावराचं बघायलाच हवं."

हेझल नेमकी तेव्हाच तिथं पोचली. तिनं हे सगळं ऐकलं. घोडीच्या नाकपुड्या हलत होत्या, बाई तिच्या मानेवर हात फिरवत होती आणि म्हणत होती, "नाही ग, घाई नाही, कुणाची घाई नाही." बाईनं मग हेझलकडे पाहिलं. "तुम्हीही थांबा की घटकाभर. चेहरा बघा कसा झालाय." हेझलला बोलायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा निघाली. फाटकापलीकडे डंकन दोन पायडल मारून मागं वळून बघत होता. आणि हेझल निघाली. घोडी थांबली आणि ही निघाली! स्वतःचाच इतका संताप आला की पुढचा तुकडा ती रागाच्या जोरावरच चढली. जनावराचं बघायला हवं म्हणे. मी काय आहे मग? मी कुणाच्या दावणीला आहे?

आणि मग संताप तिथं थांबेना. तो मागे गेला, जिथं तिला जायचं नव्हतं तिथं. त्यांची मुलगी आयोना तेव्हा दोन वर्षांची होती, तिला आजीपाशी ठेवून दोघं आले होते. याच चढावर. वर पोचल्यावर डंकन म्हणाला होता, "एकच बास आपल्याला, नाही का? असं यायला तरी जमतं." आणि हेझलची मान हलली होती. हलली म्हणजे काय, श्वास घेताना माणसाची मान हलतेच. पुढच्या हिवाळ्यात एकदा तिनं विषय काढला, भांडी पुसता पुसता, सहज काढल्यासारखा. डंकन आश्चर्यानं म्हणाला होता, "अगं, पण आपलं ठरलं होतं ना? टेकडीवर?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ठरलंच होतं. त्याला तो चढ आठवत होता, ते ऊन आठवत होतं, तिनं मान हलवली होती हे आठवत होतं. मग तिनंही ठरलं होतं असंच धरून टाकलं. आयोना एकटी वाढली, चांगली वाढली, आता एडिंबरोला असते. तक्रार कुणाबद्दल करायची? पण भांडी पुसण्याचं ते फडकं तिला अजून आठवतं, त्याच्यावर छापलेला दीपस्तंभ.

टॉल्बरोच्या माथ्यावर वारा सरळ अंगावर आला. फाटक उघडं धरून डंकन उभा होता, गाल लाल, डोळे चमकत होते, खूश होता. इथं तो नेहमी खूश असतो आणि खरं सांगायचं तर इथं तो दिसतोही छान. हेझल शेवटचे काही हात सायकल ढकलत आली. तोंडाला रक्ताची चव आली होती. सांगायचं होतं ते जिभेच्या टोकाशी होतं. मला ते घर नको. पाच शब्दसुद्धा नाहीत. तिनं श्वास घेतला, तो अर्ध्यावर तुटला, दुसरा घेतला.

"मग सोमवारी होकार कळवून टाकू ना?" डंकननं विचारलं.

हेझलनं हात वर केला. पंजा उघडा, अगदी स्पष्ट, कुणालाही कळेल असा. थांब.

"छान!" डंकन म्हणाला. त्यानं तिच्या वर केलेल्या पंजावर आपल्या पंजाची टाळी दिली आणि उताराला लागला.

तिनं त्याला जाताना पाहिलं. लाल जाकीट उड्या मारत खाली चाललं होतं. उजवीकडची पांढरी वाट, मग काटेरी झुडपांचं वळण, मग पुन्हा पांढरी वाट. तिचा उजवा पाय आपोआप पायडलवर गेला. तो तिनं पाहिला. चिखलाचा बूट, पायडलवर, निघायच्या तयारीत. घोडीला सुद्धा यापेक्षा अक्कल होती. हेझलनं पाय खाली घेतला. फाटक लोटलं, कडी लावली, सायकल कुंपणाला टेकवली, आणि त्या जुन्या उंचवट्याच्या आडोशाला ओल्या गवतावर बसली. पाच मिनिटं काहीच झालं नाही, नुसती धाप. आधी ती घशात होती, मग छातीत उतरली, मग पोटात. मग गेली. आपली धाप अशी जाते हे तिला या टेकडीवर ठाऊकच नव्हतं. कानांतली धडधड थांबल्यावर इतके आवाज ऐकू यायला लागले. गवत, मेंढ्या, दूर कुठंतरी ट्रॅक्टर, आणि तेच ते चंडोल. एका बाजूला समुद्र होता, सबंध, जिन्याच्या खिडकीतल्यासारखी चिंधी नाही. दुसऱ्या बाजूला शेतं, चर्चचे मनोरे, विडरिंगची छपरं. ते घरही दिसत होतं. छान होतं दिसायला. वाईट मुळीच नव्हतं. तिनं पिशवीतून चीज आणि लोणच्याचं सँडविच काढलं आणि खाल्लं. मग केकही खाल्ला, दोघांसाठी आणलेला, तिच्या वाटणीचा आणि थोडा त्याच्याही.

खाली, पार दरीत, लाल ठिपका पुढच्या फाटकाशी थांबला होता. थांबणार नाही तर काय. तो बराच वेळ थांबला. मग ठिपक्यानं हात हलवला. हेझलनंही हलवला. मग शिट्टी ऐकू आली, वाऱ्यावर तुटक तुटक. तिनं उत्तर दिलं नाही. फोन वाजला, पिशवीत, तो तिनं वाजू दिला. अखेर ठिपका वळला आणि चढायला लागला. जो चढ डंकन आयुष्यात कधी चढला नव्हता, कारण या बाजूनं ते नेहमी उतरतच आले होते. तो चढ ओल्या खडूचा होता, वळणाशी सुट्या गारगोट्यांचा. ठिपका वळणाशी थांबला, खाली उतरला, ढकलू लागला. घसरला एकदा. हेझलला बरं वाटलं, आणि मग वाईट वाटलं, आणि मग पुन्हा बरं वाटलं.

तो फाटकाशी पोचला तेव्हा त्याला कडीसुद्धा काढता येईना. गुडघ्यापर्यंत पांढराफटक, तोंड बीटासारखं लाल, चष्म्यावर वाफ. फाटकाच्या फळीवर दोन्ही हात टेकून तो वाकला.

"काय... पंक्चर?"

"नाही."

"पडलीस?... कुठं..."

"पडले नाही. बसले."

तो तिच्याकडे बघत राहिला. काही विचारायचं होतं त्याला, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. हेझल उठली, फाटकाच्या अलीकडे त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा श्वास शांत होता आणि आवाज, तिचं तिलाच नवल वाटलं, दुकानात बोलते तसा होता.

"मला ते घर नकोय, डंकन. ब्राइटनचं घर विकायचं नाही. सोमवारी तू फोन करायचा आणि तसं सांगायचं. चालेल?"

डंकननं एक हात वर केला. पंजा उघडा. आणि त्याची मान हलली. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

मिळालं. झालंसुद्धा. आता नुसतं 'छान' म्हणायचं, सायकल घ्यायची आणि निघायचं. सोमवारी तो बावचळला की म्हणायचं, अरे, पण आपलं ठरलं होतं ना, टेकडीवर? हेझलला ते इतकं हवंसं वाटलं की तिच्या हाताची बोटं हँडलवर गेली. इतक्या वर्षांची वसुली एका दमात. पण ती त्या हलणाऱ्या मानेकडे बघत होती, आणि त्या मानेची काय किंमत असते हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"असं नको," ती म्हणाली. "तू हो म्हणत नाहीयेस. तुला धाप लागलीय. श्वास येऊ दे, मग विचारते."

तिनं कडी काढली, त्याला आत घेतलं, हातातली सायकल काढून कुंपणाला टेकवली आणि त्याला गवतावर बसवलं. पाण्याची बाटली दिली. तो प्याला, ठसकला, पुन्हा प्याला. ती उभी राहिली. थांबणं म्हणजे हे असतं, तिला वाटलं, आणि फार कंटाळवाणं असतं. त्याचे खांदे खालीवर होत होते, मग कमी होत गेले. श्वास जरा बसल्याबरोबर तो सवयीनं उठायला लागला. "बस," ती म्हणाली. तो बसला. बराच वेळ त्यानं बुटांवरचा खडू नखानं खरवडला.

"दरवेळी असं होतं तुला?" त्यानं विचारलं. "वर आल्यावर?"

"दरवेळी."

"बोललीस का नाहीस मग?"

"कशानं बोलू?" हेझल म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. त्या उंचवट्याकडे, फाटकाकडे, पुन्हा तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरत होता आणि खालून काहीतरी वेगळंच वर येत होतं. "म्हणजे त्या दिवशीही?" तो म्हणाला. "मी इथं विचारलं होतं ते. लग्नाचं."

"ते मी हो म्हटलंच असतं," हेझल म्हणाली. "पण म्हणू तरी द्यायचं होतंस, अरे."

 त्याचा श्वास आता लागत होता पण तो चढाचा नव्हता. तिनं त्याच्या वाटणीचं सँडविच त्याच्या हातात दिलं. तो हातात धरून बसला, मग खाऊ लागला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिनं त्याचं खाणं संपेपर्यंत वाट पाहिली. कागदाची घडी करून त्यानं खिशात ठेवली, तोंड पुसलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. एक काडी वाकडी झाली होती, घसरला तेव्हाची. हेझलनं चष्मा काढून घेतला, सरळ करून परत लावला. मग ती त्याच्याशेजारी बसली आणि पहिल्यापासून म्हणाली, "डंकन, मला ते घर नकोय."

या वेळी त्याची मान हलली नाही.

"का?" त्यानं विचारलं.

फाटकाशी असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. हेझलनं दीर्घ श्वास घेतला, तो पोटापर्यंत पोचला, आणि ती सांगू लागली.